दोनच बिड्या: फुप्फुसात काय होतं, हृदयात काय होतं

‘दिसाक दोनच बिडये वडतंय, माका काय होवचा नाय.’ मालवण-वेंगुर्ल्याकडे हे वाक्य जेटीवर, चहाच्या टपरीवर, एसटी स्टँडवर, कुठेही कानावर पडतं. रत्नागिरी-दापोलीकडे बोली बदलते, आकडा बहुधा तोच राहतो. या बोलण्यात अर्धं तथ्य आहे. फुप्फुसांपुरतं बघितलं तर दिवसाला दोन बिड्या ओढणारा आणि दोन बंडलं संपवणारा यांच्यात खरंच फरक पडतो. हृदयाच्या बाबतीत मात्र तो फरक वाटतो त्यापेक्षा फारच कमी आहे. तंबाखू म्हटलं की आपल्याला कॅन्सर आठवतो, सिनेमाआधीच्या जाहिरातीतलं काळं डांबर आठवतं. हृदय कुणाला आठवत नाही. म्हणून या लेखात कॅन्सर बाजूला ठेवून फुप्फुस आणि हृदय या दोघांबद्दलच बोलू.

आधी धूर. त्यात ७,००० हून जास्त रसायनं सापडली आहेत, पण आपल्या कामापुरती तीनच लक्षात ठेवली तरी चालतील. पहिलं निकोटिन. झुरका घेतल्यापासून १० ते २० सेकंदांत ते मेंदूत पोचतं, आणि सवय लागते ती याच्यामुळे. दुसरा कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे काहीही अर्धवट जळलं की निघणारा, रंग नसलेला, वास नसलेला वायू. तिसरे धुरातले अतिसूक्ष्म कण, ज्यांच्यावर डांबर आणि बाकीचा सगळा मसाला चिकटून आत जातो.

बिडीबद्दल एक समज पक्का आहे: पानाची आहे, तंबाखू थोडा आहे, म्हणजे सिगारेटपेक्षा सौम्य. तंबाखू थोडा असतो हे खरं, साधारण पाव ग्रॅम, सिगारेटच्या निम्म्याहून कमी. पण तेंदूचं पान सिगारेटच्या कागदासारखं सच्छिद्र नसतं. त्यातून हवा शिरत नाही, बिडी सारखी विझू बघते, आणि ती पेटती ठेवायला ओढणारा जास्त वेळा आणि जास्त जोरात झुरके घेतो. शेवटी आत जाणारं निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटइतकंच भरतं, कधी त्याहून जास्त. पान विदर्भाच्या जंगलातलं, वळणारे हात सिन्नर-सोलापूरकडचे, आणि कोकणात ती येते आयती, सुटी, कागदात गुंडाळलेली. सुटी विकत घेणाऱ्याला पाकिटावरचं ते भयानक चित्रसुद्धा दिसत नाही.

आता हा धूर कुठून जातो ते बघू. श्वासनळीला फांद्या फुटत जातात, त्या फांद्यांना आणखी फांद्या, असं वीसेक वेळा होतं, आणि शेवटच्या बारीक फांद्यांना हवेच्या अतिशय छोट्या पिशव्या असतात. त्यांना वायुकोश म्हणतात. दोन्ही फुप्फुसांत मिळून ते तीस कोटींच्या आसपास असावेत असं मानलं जातं. त्यांचा आतला पृष्ठभाग सपाट पसरला तर साधारण ७० चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फूट भरेल. याच पृष्ठभागावरून प्राणवायू रक्तात उतरतो.

वरच्या नळ्यांना आतून चिकट स्रावाचा पातळ थर असतो आणि त्याखाली सूक्ष्म केसांची लव. ही लव सेकंदाला दहा-बारा वेळा एका दिशेने हलते. श्वासाबरोबर आलेली धूळ, जंतू, परागकण त्या चिकट थरात अडकतात आणि लव तो थर घशाकडे ढकलत राहते. आपण तो नकळत गिळतो. धूर लागला की लवेची हालचाल मंदावते, आणि वर्षानुवर्षं लागत राहिला तर लव झडते. इकडे नळ्या मात्र चिडून स्राव जास्तच बनवतात. ढकलणारं कुणी नाही आणि माल वाढतोय, मग तो बाहेर काढायला एकच मार्ग उरतो, खोकला. पहाटे उठल्या उठल्या पडवीच्या टोकाला उभं राहून दहा मिनिटं खाकरणारा माणूस आपल्याकडे घरोघर असतो आणि घरच्यांना त्या आवाजाची सवय झालेली असते. तो आवाज म्हणजे रोगाची पहिली खूण. पावसाळ्यात हा कफ जंतूंना आयता मिळतो, म्हणून अशा माणसाची साधी सर्दी छातीत उतरते आणि पंधरा-पंधरा दिवस हलत नाही.

नळ्यांपेक्षा गंभीर नुकसान वायुकोशांचं. धुराचे कण तिथवर पोचले की शरीराच्या सफाई पेशी धावून येतात आणि रक्तातून आणखी पांढऱ्या पेशींना बोलावतात. या पेशींकडे जंतूंना मारायला प्रथिनं विरघळवणारी रसायनं असतात. त्यांनी आपलंच मांस विरघळवू नये म्हणून रक्तात एक संरक्षक प्रथिन फिरत असतं, त्याचं नाव अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. धूर नेमका त्या प्रथिनालाच निकामी करतो. म्हणजे फुप्फुस धुरामुळे जळतं असं नाही, आपल्याच पेशी ते थोडं थोडं विरघळवतात. वायुकोशांमधल्या पातळ भिंती जातात, दहा छोट्या पिशव्यांची एक मोठी पिशवी होते. जुन्या घरातलं माजघर, ओटी, कोठीची खोली यांच्यामधल्या भिंती पाडून एकच हॉल केला तर घराचं क्षेत्रफळ तेवढंच राहतं, पण कॅलेंडर टांगायला भिंत उरत नाही. फुप्फुसाचं काम सगळं भिंतींवरच चालतं. आणि या भिंती पुन्हा बांधल्या जात नाहीत, कुठल्याही औषधाने नाही.

भिंतींबरोबर फुप्फुसाचा ताणही जातो. निरोगी फुप्फुस श्वास सोडताना स्वतःहून आवळतं आणि बारीक नळ्यांना चहूबाजूंनी ताणून उघडं ठेवतं. ताण गेला की श्वास सोडताना त्या नळ्या मिटतात आणि जुनी हवा आत अडकते. पुढच्या श्वासाला जागाच नसते. रुग्ण सांगतो ‘श्वास घेता येत नाही’, खरी अडचण श्वास पूर्ण सोडता न येण्याची असते. म्हणून अशी माणसं ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडताना दिसतात. कुणी शिकवलेलं नसतं, शरीरच ती युक्ती शोधून काढतं.

या आजाराला डॉक्टर सीओपीडी म्हणतात, गावात त्याला सरसकट दमा म्हणतात. दमा वेगळा: तो येतो-जातो, बऱ्याचदा लहानपणापासून असतो, आणि औषधाने नळ्या जवळपास पूर्ण मोकळ्या होतात. सीओपीडीत तसं होत नाही. तपासणी सोपी आहे, स्पायरोमेट्री. एका नळीत जीव खाऊन फुंकायचं आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली ते यंत्र मोजतं. धडधाकट तरुण पुरुषाची ती साडेतीन-चार लिटरच्या आसपास असते. पंचविशी-तिशीनंतर ती प्रत्येकाचीच वर्षाला २५ ते ३० मिलिलिटरने कमी होत जाते, त्यात काही बिघडत नाही, आयुष्यभर पुरून उरते. धूर सोसत नाही अशा ओढणाऱ्यांची मात्र ती दुपटीने किंवा त्याहून वेगाने घटते. इथे बिड्यांची संख्या आणि ओढल्याची वर्षं दोन्ही मोजली जातात, म्हणून छातीचे डॉक्टर ‘किती?’च्या पाठोपाठ ‘किती वर्षं?’ विचारतात.

आणि शरीर फार उशिरा ओरडतं. फुप्फुसांत एवढी क्षमता शिल्लक असते की निम्मी गेली तरी घरात फिरताना काही जाणवत नाही. जाणवतं ते पाखाडीच्या पायऱ्या चढताना. एका दमात वर जाणारा माणूस मध्ये एकदा थांबतो, मग दोनदा, मग खालच्या आळीत जाणंच टाळतो, आणि खापर वयावर फोडतो. पंचावन्नाव्या वर्षी पाखाडी चढवत नाही हे वय नव्हे. शेजारची सत्तरीची आजी डोक्यावर भारा घेऊन चढत असते.

त्या आजीचंही एक सांगायला हवं. तिने बिडी कधी हातात धरली नसेल, पण चुलीपुढे आयुष्य गेलं. पावसात भिजलेली लाकडं, न्हाणीघराबाहेर पाणी तापवायला पेटवलेली नारळाची चुडतं (सुक्या झावळ्या) आणि सोडणं, खाली कोंडणारा धूर. वायुकोशांना धूर तंबाखूचा की नारळाच्या सोडणाचा हे कळत नाही. भारतात कधीही न ओढलेल्या बायकांमध्ये सीओपीडी दिसतो त्याचं मोठं कारण चूल आहे. स्वयंपाकाला गॅस आला तरी अंघोळीचं पाणी अजून बऱ्याच घरी चुलीवरच तापतं, आणि त्याच घरात कुणी बिडी ओढत असेल तर दोन धूर एकत्र होतात. पाण्याची ती चूल उघड्यावर, भिंतीपासून लांब नेणं एवढं तरी लगेच करता येतं.

आता हृदय. इथे नुकसान वेगळ्या चालीने होतं.

हृदयाला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या धमन्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद. त्यांना आतून पेशींचा एकच पदर असतो. हा पदर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडत राहतो, त्यामुळे धमनी सैल राहते आणि रक्त तिथे गोठत नाही. एका सिगारेटनेही या पदराचं काम काही काळ बिघडतं. त्याच वेळी निकोटिन शरीराला घाबरवतं: अॅड्रिनॅलिन सुटतं, नाडी मिनिटाला दहा-पंधरा ठोक्यांनी वाढते, रक्तदाब चढतो, धमन्या आवळतात. म्हणजे हृदयाला काम जास्त लावलं आणि रक्त कमी दिलं. वर कार्बन मोनॉक्साइड. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि चिकटलेल्यातला निम्मा सुटायला चार-पाच तास लागतात. दिवसभर थोड्या थोड्या वेळाने ओढणाऱ्याच्या रक्तातला काही भाग कायमच अडलेला असतो. जाळं ओढताना, डिझेलचे कॅन चढवताना ज्या प्राणवायूची गरज असते तो नेमका तिथे कमी पडतो.

पण झटका येतो तो चौथ्या गोष्टीमुळे. रक्तात प्लेटलेट नावाचे कण असतात, जखम झाली की एकमेकांना चिकटून रक्त थांबवणारे. धूर त्यांना विनाकारण चिकट करतो. धमनीच्या भिंतीत वर्षानुवर्षं चरबीचा थर साचतच असतो, आणि धूर तो साचायलाही मदत करतो. एखाद्या दिवशी या थराला बारीकशी चीर जाते, चिकट झालेल्या प्लेटलेटना ती जखम वाटते, काही मिनिटांत गुठळी होते आणि धमनी बंद. पुढे हृदयाच्या स्नायूचा जेवढा भाग त्या धमनीवर अवलंबून, तेवढा मरू लागतो. थर खूप जाड असायला हवा असंही नाही. पस्तिशी-चाळिशीतल्या, कालपर्यंत ठणठणीत असलेल्या पोरांना झटका येतो तेव्हा बऱ्याचदा गोष्ट अशीच घडलेली असते.

प्लेटलेट आणि धमनीचा आतला पदर दोन्ही फार थोड्या धुराने बिथरतात, आणि त्यानंतर धूर वाढवला तरी त्या प्रमाणात आणखी बिथरत नाहीत. दोन बिड्यांचा हिशोब इथेच चुकतो. २०१८ साली १४१ जुने अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. त्यात दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाला हृदयविकाराचा धोका न ओढणाऱ्यापेक्षा सुमारे दीडपट निघाला, वीस ओढणाऱ्याला सुमारे दुप्पट. वीसवरून एकवर आलेल्या माणसाची अपेक्षा असते की वाढीव धोका विसाव्या हिश्शावर आला असेल. तो जेमतेम निम्म्यावर आलेला असतो. स्वतः न ओढता दुसऱ्याचा धूर खाणाऱ्यांनाही हृदयविकाराचा धोका सुमारे पाव पटीने जास्त असतो, आणि त्यांच्या वाट्याला येणारा धूर ओढणाऱ्याच्या मानाने अगदीच थोडा. फक्त फुप्फुसाचा विचार केला तर हे आकडे कळत नाहीत, प्लेटलेटचा केला की कळतात.

बिडीचेही वेगळे आकडे आहेत. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात बिडी ओढणाऱ्यांना हृदयाच्या झटक्याचा धोका जवळपास तिप्पट आढळला, म्हणजे त्याच अभ्यासातल्या सिगारेटइतकाच. भारतातल्या अकरा लाख घरांच्या पाहणीवर आधारलेला अभ्यास २००८ मध्ये छापून आला. त्यात दिवसाला एक ते सात बिड्या ओढणाऱ्या पुरुषांमध्येही मृत्यूचा धोका सुमारे पाव पटीने वाढलेला होता.

कोकणात या सगळ्याला अंतराची बाजू आहे. झटका आल्यावर बंद धमनी जितक्या लवकर उघडेल तितका स्नायू वाचतो. पहिले तास-दोन तास सगळ्यात मोलाचे, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण बारा तासांपर्यंत उपयोगी पडतं, पण दर तासागणिक फायदा घटत जातो. सिंधुदुर्गात अँजिओप्लास्टी म्हटलं की तोंडात आधी गोव्यातलं बांबोळी किंवा कोल्हापूर येतं, आणि कोल्हापूर म्हणजे घाट. खोल पाण्यात गेलेल्या बोटीवरच्या खलाशाला तर आधी बंदर गाठायचं असतं. म्हणून लांबच्या मोठ्या हॉस्पिटलचा हट्ट धरून गाडी शोधत बसू नये. १०८ ला फोन करावा, जवळ जिथे ईसीजी निघतो तिथे आधी पोचावं, इंजेक्शनची गरज असेल तर डॉक्टर ते तिथेच देऊन पुढे पाठवू शकतात.

त्यातही पहिला तास जातो तो ‘पित्त झालं असेल’ यात. सोडा घेऊन बघतात, छातीला बाम चोळतात, कोकमाचं आगळ पितात. छातीच्या मध्यभागी वजन ठेवल्यासारखं दडपण, ते डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत सरकणं, धाप आणि घाम ही लक्षणं. घाम आपल्याकडे बाराही महिने येतो म्हणून त्याकडे कुणी बघत नाही, पण हा घाम थंड असतो आणि सावलीत बसलेल्या माणसाला फुटतो. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना कधीकधी छातीत दुखतच नाही, नुसती धाप आणि गळून गेल्यासारखं होतं.

सोडली तर काय परत मिळतं? इथेही दोघांची चाल वेगळी. फुप्फुसांच्या पडलेल्या भिंती परत येत नाहीत, पण घट थांबते. लंडनमधल्या कामगारांना वर्षानुवर्षं तपासून १९७७ मध्ये मांडलेलं निरीक्षण आजही तसंच शिकवलं जातं: सोडणाऱ्याची गेलेली क्षमता भरून निघत नाही, पण पुढची घसरण न ओढणाऱ्याच्या वेगावर येते. पन्नाशीत सोडलेल्या माणसाला सत्तरीत घरच्या घरी फिरता येईल की ऑक्सिजनच्या नळीला बांधून राहावं लागेल, हे त्या घसरणीवर ठरतं.

हृदय मात्र लवकर सावरतं. कार्बन मोनॉक्साइड दिवसभरात निघून जातो. प्लेटलेटचं आयुष्यच आठ-दहा दिवसांचं, म्हणजे दोन आठवड्यांत धूर न लागलेल्या नव्या प्लेटलेट रक्तात असतात. वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका साधारण निम्म्यावर येतो. ‘आता छाती गेलीच आहे, सोडून काय करू’ असं साठीचे आजोबा म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोक्यात फक्त फुप्फुस असतं. ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर १९५१ पासून पन्नास वर्षं चाललेल्या अभ्यासात ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. तिशीत सोडणाऱ्यांना जवळपास ती सगळी वर्षं परत मिळाली, चाळिशीत सोडणाऱ्यांना नऊ, पन्नाशीत सहा, आणि साठीत सोडणाऱ्यांनाही तीन.

सोडल्यावर पहिले काही आठवडे खोकला वाढू शकतो. झडलेली लव परत येते आणि साचलेला कफ ढकलू लागते, त्याचा तो खोकला. ‘सोडली आणि आजारी पडलो’ म्हणून पुन्हा पेटवणारे इथेच घसरतात. महिना-दोन महिन्यांनंतरही थांबला नाही, वजन घटलं किंवा थुंकीत रक्त दिसलं तर मात्र तपासणी करायलाच हवी. क्षयाचीही, कारण धुराने दुबळं झालेलं फुप्फुस क्षयाला लवकर बळी पडतं.

दुसरी घसरगुंडी मशेरी आणि चुन्यातल्या तंबाखूची. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के आणि बिनधुराचा तंबाखू खाणारे-लावणारे २४.४ टक्के निघाले, म्हणजे बिडी सुटली की तळहातावर मळायला सोबत चारी बाजूंनी हजर. फुप्फुस वाचेल. पण इंटरहार्टमध्ये नुसता तंबाखू चघळणाऱ्यांनाही झटक्याचा धोका दुपटीहून थोडा जास्त होता, आणि तोंडाच्या कॅन्सरचं तर सांगायलाच नको.

नुसत्या निर्धाराने सुटते, पण थोड्यांचीच. मदत घेतली तर शक्यता वाढते आणि त्यात कमीपणा काही नाही. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. डॉक्टर गोळ्याही देऊ शकतात. औषधाच्या दुकानात निकोटिनचं च्युइंगगम मिळतं. त्यात धूरही नाही, कार्बन मोनॉक्साइडही नाही, फक्त तलफ भागवण्यापुरतं निकोटिन. नुकताच झटका येऊन गेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ते पानासारखं सतत चघळायचं नसतं: तोंडात चुणचुण होईपर्यंत हळू चावायचं, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, चुणचुण ओसरली की पुन्हा चावायचं, असं अर्धा तास. निकोटिन गालातून रक्तात शिरतं आणि तोंड आंबट असेल तर ते नीट शिरत नाही. तेव्हा गम खाण्याआधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना कोकम सरबत नाही, सोलकढी नाही, कॉफीही नाही. जेवणानंतरची तलफ सगळ्यात मोठी असते, म्हणून सोलकढी जेवणाच्या सुरुवातीलाच घेतलेली बरी.